पाण्यात बसलेलं झुडूप: जागेवरच वाचवायचं की काढून उंचावर लावायचं?

झुडपाच्या बुडाशी तीन-चार दिवस पाणी तुंबलं, आता पानं पिवळी पडलीयत, शेंड्यांनी मान टाकलीय आणि तुम्ही फावडं घेऊन उभे आहात, काढू का राहू दे. आधी ते फावडं ठेवा, आणि पाण्याचा पाइप तर आधी ठेवा. मान टाकलेलं झाड दिसलं की आपला हात पाण्याकडेच जातो, मीही तेच केलं होतं. पण मातीतल्या हवेच्या जागेत पाणी भरलं की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, मग ती पाणी ओढायचंच सोडतात, म्हणजे झाड चिखलात उभं राहून तहानलेलं असतं.

जागेवर ठेवणं म्हणजे नुसतं बघत बसणं नाही. आळं फोडायचं, उताराच्या बाजूला वीतभर खोल चर मारून पाणी काढून द्यायचं, बुंध्याशी टाकलेला पालापाचोळा बाजूला ओढायचा जेणेकरून वरची माती सुकेल. वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर, भुसभुशीत होईपर्यंत झाडाभोवती पाय ठेवायचा नाही, ओल्या मातीवर चाललं की उरलीसुरली हवा पण दाबून टाकतो आपण. यात फायदा हा की जी बारीक मुळं अजून जिवंत आहेत ती तुटत नाहीत, आणि सावरायचं असेल तर झाड त्यांच्याच जोरावर सावरतं. तोटा एकच, पण मोठा: पाणी जायला वाटच नसेल तर पुढच्या पावसात परत तेच.

काढून लावलं तर जागेचा प्रश्न कायमचा सुटतो, पण आजारी माणसाला घर बदलायला लावण्यासारखं आहे ते. मुळांभोवतीच्या मातीचा कितीही मोठा गड्डा घ्या, बारीक मुळं तुटतातच. लहान, दोन-तीन वर्षांचं झुडूप हे सोसतं, जुनं जाडजूड बहुतेक वेळा नाही. काढलंच तर काळी मऊ मुळं स्वच्छ कात्रीने छाटा, २०-३० सेंटीमीटर उंच गादीवाफ्यात लावा, आणि बुंधा आधी जितका मातीत होता तितकाच, जास्त खोल नको. (कुंडीत हलवायचा पर्याय पण आहे, छोट्या रोपाला चालतो, बाकी नाही.)

मग ठरवायचं कसं? माझा भरवसा मुळांवर. फांद्यांच्या घेराच्या कडेला खुरप्याने थोडी माती सारून एक मूळ बघा. पांढरट आणि टणक असेल तर जागेवरच ठेवा. तपकिरी-काळं असेल, चिमटीत धरून ओढल्यावर वरचं साल मोज्यासारखं निघून आत नुसता दोरा राहत असेल तर ते मूळ कुजलंय. तीन-चार ठिकाणी बघा, एका मुळावरून निकाल नको. मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिथे बरेच दिवस हवा पोचलेली नाही. दुसरी टेस्ट जागेची: पाणी ओसरल्यावर जवळच फूटभर खोल खड्डा करून भरा, जिरू द्या, परत भरा. तासाला अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर निचरा वाईटच.

मुळं बरी आणि निचरा ठीक, तर हलवू नका. मुळं निम्मी गेलीत आणि जागा खोलगट आहे, झाड लहान आहे, तर काढा. मुळं बरी पण जागा वाईट, तर यंदा चर मारून जगवा, नवी पालवी धरली की मग सवडीने हलवा. मी स्वतः जास्वंदीबाबत हा मधला मार्ग घेतला, घाई केली असती तर गेली असती बहुतेक.

कुठलाही पर्याय घ्या, खत नको. दुबळ्या मुळांना खत म्हणजे अजून एक ओझं. आणि चिकणमातीत दोन-चार पाट्या वाळू मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, थोड्या वाळूने ती मोकळी होत नाही, उलट घट्ट बसते. कंपोस्ट घाला, तेही माती सुकल्यावर.

पानं सगळी गळली तरी लगेच उपटू नका हं. फांदीवर नखाने जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. वरच्या फांद्या वाळलेल्या निघाल्या तरी खाली बुडाशीही खरवडून बघा, पुष्कळदा फूट तिथूनच येते.