नागपूरच्या बर्डीतला (सीताबर्डी) बाइंडिंगवाला, काम झकास पण वेळेचं विचारू नका

छिंदवाड्याच्या आमच्या लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) चर्चच्या इतिहासाची आजोबांकडची पुस्तिका पार सुटून राहिली होती, बोट लावलं की पान तुटायचं, म्हणून बर्डीतल्या एका बाइंडिंगवाल्याकडे दिली. भाऊंनी हातानं शिवण घातली, वरून कापडी पुठ्ठा. काम करता करता विचारतात, नागपुरात १८४५ ला आलेले मिशनरी हिस्लॉप तर स्कॉटिश ना, मग हे लुथरन कुठले? म्हटलं स्वीडनचे, १८७७ पासून मध्य प्रांतात, नरसिंहपूर, सागर, बैतूल, छिंदवाडा तिकडे. (गप्पा फुकट, चहापण!) फक्त चार दिवस सांगून दहा लावले अन् कव्हरवरचं सोनेरी नाव जरा तिरकं आलं. पण पुस्तिका आता पूर्ण उघडते, शिवणीत एक ओळ गेली नाही. २६० रुपये घेतले.