बीपीचा डीएनए रिपोर्ट : साडेसहा हजारांची थुंकी

बाबांना ५८व्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. दोन्ही आत्या बीपीच्या गोळ्यांवर. त्यामुळे ‘तुमच्या जनुकांत उच्च रक्तदाब दडलाय का?’ ही जाहिरात आम्हा भावंडांना बरोबर लागली. एक किट ६,५०० रुपये, मी आणि दादाने दोन मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही.

नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची, फेस धरायचा नाही, आधी अर्धा तास पाणीसुद्धा नाही. नळी तोंडाला लावली आणि माझ्या घशाला कोरड पडली. शेवटी आईने चिंचेचा गोळा नाकासमोर धरला, तेव्हा कुठे रेघ गाठली. माहितीपत्रकात ही युक्ती नाही, लक्षात ठेवा.

पाच आठवड्यांनी ३८ पानी रिपोर्ट आला. माझा काटा लाल, दादाचा हिरवा. कारणांत पहिलं नाव एजीटी जनुकाचं. यकृतात तयार होणारं एक प्रथिन त्याच्यावर ठरतं, त्यापासून पुढे रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक बनतं. वाचून मी घाबरले. मग शोधलं तर माझ्यात सापडलेला तो फरक जगभर सर्रास आढळतो! २०१८ साली दहा लाखांवर लोकांच्या अभ्यासातून रक्तदाबाशी जोडलेल्या ९०१ जागा डीएनएत मोजल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या एक मिलिमीटरनेसुद्धा पारा हलवत नाहीत.

रिपोर्टबरोबर समुपदेशकाचा फोन असतो. मी विचारलं, हा धोका कुठल्या लोकांशी ताडून काढलात? “इंटरनॅशनल डेटाबेस आहे मॅम.” ३७व्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत उत्तर होतं : प्रामुख्याने युरोपीय वंशाचे. मग आम्हाला हे लाल-हिरवं कशाच्या जोरावर? बाईंनी तेवढ्यात ९९९ रुपये महिन्याचा आहार प्लॅन पुढे केला.

खरा राग दादाच्या रिपोर्टचा. मी दंडाला पट्टा बांधायचं साधं बीपीचं मशीन १,९०० रुपयांना आणलं. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायचं. माझं १२६/८०च्या आसपास. दादा मोजायलाच तयार नाही. “माझा हिरवा आहे गं!” दुकानात दिवसभर उभा, जेवताना खर्डा आणि दोन पापड ठरलेले. कसाबसा बसवला, तर १५२/९६. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. डॉक्टरांनी रिपोर्टचं पहिलं पान उलटलं, बाबांच्या आजाराची चौकशी केली आणि गोळी सुरू केली.

पाचपैकी दोन तारे. एक पॅकिंगला, एक ३७व्या पानाला, निदान छापलं तरी. कालच मेसेज आला : ‘आता केसगळतीचा धोका जाणून घ्या, जुन्या ग्राहकांना निम्म्या किमतीत.’ दादाला टक्कल पडून दहा वर्षं झाली.