‘रेस्क्यू’ म्हणून गळ्यात मारलेला शॅमेलिऑन आणि माझे २२,००० रुपये

आधी आकडे सांगते, म्हणजे “जाऊ दे, असतील दोन-तीन हजार” असं म्हणायला कुणी येणार नाही. ६,५०० रुपये ‘अडॉप्शन काँट्रिब्यूशन’. ४,२०० कागदपत्रांच्या ट्रान्सफरचे. २,८०० बंगळुरूहून वाहतुकीचे. ३,००० खोक्याचं डिपॉझिट, जे खोकं परत पाठवलं की मिळणार होतं. ५०० रुपये वाशीला बसच्या क्लीनरने हातात खोकं द्यायच्या आधी मागून घेतले. आणि सगळ्यात शेवटी ५,००० ‘एक्स्चेंज’चे. बेरीज २२,०००. डॉक्टरांचं बिल यात धरलेलं नाही.

हो, सरड्यासाठी. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला लोक तीस-चाळीस हजार मोजतात तेव्हा कुणी दात काढत नाही, त्यामुळे तो भाग आपण सोडून देऊ.

आमच्याकडे आधी चिंगी होती. व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळ येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्य भागातली जात, आपला देशी नव्हे. देशी शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो घरात ठेवताच येत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. चिंगी गेली ती अंडी अडकून. या जातीची मादी नराशिवायसुद्धा अंडी घालते, आणि ती घालायला तिला खोल, ओलसर वाळू लागते. वाळू मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून बसते आणि मरते. ज्याने चिंगी विकली त्याने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा ती पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून बसायला लागली होती. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसला की समजायचं, दुखणं खूप पुढे गेलंय.

त्यानंतर मी ठरवलं होतं, पुन्हा आणायचाच झाला तर नर. आणि विकत नाही, कुणी टाकून दिलेला. या दोन अटी मी स्वतःच्या तोंडाने त्या ‘रेस्क्यू’ करतो म्हणणाऱ्या माणसाला सांगितल्या. आता विचार केला की अंगाचा तिळपापड होतो.

कारण त्याने मला काही विकलंच नाही. त्याने माझी मुलाखत घेतली. “मॅडम, आम्ही विकत नाही, आम्ही घर शोधतो. सगळ्यांना देत नाही.” पिंजऱ्याचे फोटो पाठवा. जाळीचा आहे की काचेचा? यूव्हीबी ट्यूब (हाडांसाठी लागणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा) कधी बदलली? पाणी भांड्यात देता की पानांवर थेंब पाडता? आधीचा कसा गेला? या शेवटच्या प्रश्नावर मी अर्धा तास व्हॉइस मेसेज पाठवत होते. चिंगीचं सगळं सांगितलं, डॉक्टर, ऑपरेशन, लेकीचं रडणं. त्याने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला: “तुमच्यासाठीच थांबलाय हा. दीड वर्षाचा नर. मालक कॅनडाला गेला, मुलगा अक्षरशः बाल्कनीत सोडून गेला.”

अहो, मी नर मागितला म्हणून नर निघाला. टाकून दिलेला मागितला म्हणून टाकून दिलेला निघाला. मी मोर मागितला असता तर तोही बाल्कनीत सापडला असता.

व्हिडिओ आला. प्राणी फांदीवर, पुढून घेतलेला, डोक्यावरचा तुरा छान उंच. आता हे नीट वाचा, कारण पैसे इथे वाचले असते. व्हेल्ड शॅमेलिऑनच्या नराला मागच्या पायाच्या टाचेवर एक बारीक मांसल गाठ असते. अंड्यातून बाहेर येतो त्या दिवसापासून असते. मादीला नसते. तुरा मोठा की लहान, रंग कुठला, यावरून भांडत बसायची गरजच नाही, टाच बघायची आणि मोकळं व्हायचं. हे मला माहीत होतं. मी दहा जणांना सांगितलंय. त्या व्हिडिओत मागचे पाय सगळा वेळ पानाआड होते.

आणि मी विचारलंही होतं! चॅट आहे माझ्याकडे. “मागच्या पायाचा एक फोटो मिळेल का?” त्याचं उत्तर: “मॅडम, तो आधीच खूप स्ट्रेसमध्ये आहे, उगाच हाताळायला नको. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तर जाणता.”

तुम्ही तर जाणता. या तीन शब्दांनी माझं तोंड बंद केलं. कारण शॅमेलिऑनला हाताळू नये हे खरंच आहे, आणि मी फोटोचा हट्ट धरला असता तर मीच निर्दयी ठरले असते. मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचावं. लॉटरी लागली म्हणून पैसे भरणाऱ्यातली मी नाही. जनावराची काळजी करणाऱ्या माणसाला त्याच काळजीने गप्प करायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

यूपीआयवर नाव त्याचं नव्हतं, मोबाइल ॲक्सेसरीजच्या कुठल्याशा दुकानाचं होतं. “ट्रस्टचं खातं ऑडिटमध्ये आहे.” असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. कारण ऐकत बसू नका.

कागदांचं तर विचारूच नका. २०२० मध्ये केंद्र सरकारने विदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायची योजना आणली होती, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनंतर आता पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. हे सगळं त्याने मला पाठ म्हणून दाखवलं. मग पीडीएफ आली, २०२० च्या तारखेची. बरोबर शिक्का, बरोबर क्यूआर कोड, जो स्कॅन केला की काहीच उघडत नाही. प्राणी दीड वर्षाचा आणि त्याचा दाखला २०२० चा! शिवाय त्यात लिहिलेलं, सायटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) परिशिष्ट १. ही जात परिशिष्ट २ मध्ये आहे. हे मी नंतर वाचलं. आधी का नाही वाचलं म्हणाल, तर मार्चएंडला ऑफिसात बसून फोनवर पीडीएफ उघडणारी बाई जेवढं वाचते तेवढं वाचलं.

खोकं वाशीला पहाटे उतरलं. रात्रभर बसच्या डिकीत. चपलांचं खोकं, चार भोकं पाडलेली, आत एक फडकं. ‘ट्रॅव्हल बॉक्स’चं ३,००० डिपॉझिट याचं. घरी येऊन उघडलं तर प्राणी जवळजवळ काळा पडलेला, डोळे खोल गेलेले. विष्ठेतल्या एरवी पांढऱ्या असणाऱ्या भागाचा रंग गडद केशरी, म्हणजे कित्येक दिवस पाणी पोटात गेलेलं नाही. लेकीने तोवर ‘बंड्या’ नाव ठेवून टाकलं होतं. मी त्याला फांदीवर चढवला, तो मागचा पाय लांब करून पुढे सरकला, आणि मला टाच दिसली. सपाट. गुळगुळीत.

बंड्या मादी होती. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. डॉक्टरांकडे एक्स-रे काढला तर द्राक्षांच्या घडासारखी अंडी. खालचा जबडा बोटाने दाबला की वाकत होता, म्हणजे कॅल्शियम नाही, यूव्हीबी नाही, हाडं मऊ झालेली. वय डॉक्टरांच्या अंदाजाने तीनच्या पुढे. तपासणी, एक्स-रे, कॅल्शियम, ड्रिप मिळून ३,८५०. ज्या प्रसंगाने मी चिंगी गमावली, तोच प्रसंग मी पैसे भरून घरी मागवला होता.

मी त्याला फोन केला. तो चिडला नाही, उलट हळहळला. “अरेरे, आमच्या मुलाने खोकी बदलली. तुमचा नर इथेच आहे. ५,००० पाठवा, उद्या माणूस येऊन मादी घेऊन जाईल आणि नर देऊन जाईल.” मी पाठवले. नवऱ्याने आजवर यावर एक अक्षर काढलेलं नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. पण तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही आपल्या हातात मरायला नको. अर्ध्या तासात त्याचा डीपी गायब, फोन बंद.

आता सरकारी पाहुणचार.

पोलीस ठाण्यात आधी पाऊण तास बाकावर. मग हवालदार: “पाल? बावीस हजाराची?” आतल्या दोघांना हाक मारून बोलावलं, फोटो बघायला. साहेब म्हणाले, “मॅडम, प्राणी घरी आला ना? मग फसवणूक कसली?” मी म्हटलं, नर सांगून मादी दिली, कागद खोटे दिले, बदलून देतो म्हणून वर पैसे घेतले. “हे ग्राहक मंचाचं मॅटर आहे.” ऑनलाइन व्यवहार आहे म्हटल्यावर, “मग सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, रक्कम कमी आहे, स्थानिक ठाण्यात द्या. पुन्हा ठाण्यात गेले तर, “आरोपी बंगळुरूचा, तिकडे करा.” १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते, हे मी छापून नेलं होतं. साहेबांनी तो कागद उलटा ठेवून त्यावर चहाचा कप ठेवला.

बँकेत काउंटरवरची मुलगी निदान सरळ बोलली. पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, आम्ही काही करू शकत नाही. मग तुमच्या बँकेचे रोज येणारे ‘सावध रहा’ मेसेज काय दिव्याला ओवाळायचे?

पण कडी केली ती वन खात्याच्या कार्यालयाने. मी स्वतःहून गेले होते, लपवायला नाही. नोंदणी करायची म्हटलं तर, आधीच्या मालकाचा नोंदणी क्रमांक आणा. तो खोटा आहे, हीच तर माझी तक्रार आहे! “मग हा प्राणी बेकायदा झाला. आता तुमच्या ताब्यात आहे, म्हणजे तुमच्यावरच केस होऊ शकते.” बरं, मग ताब्यात घ्या, सांभाळा, अंडी पोटात आहेत, वाळू, दिवा, औषध सगळं मी देते. “आमच्याकडे सोय नाही.” म्हणजे ठेवलं तर मी गुन्हेगार, आणि द्यायचं म्हटलं तर घेणारा कुणी नाही. आणि तो? तो निवांत, कारण त्याला हेच हवंय. त्याचा धंदाच यावर चालतो की माझ्यासारखी माणसं वन खात्याच्या नावाने घाबरून घरात बसतात. अशी किती बसली असतील, देव जाणे.

म्हणून सांगते, पैसे गेले की त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पोरांशी बोलून, रडून, मग दुसऱ्या दिवशी नको. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत गोठवता आले तर आले. मी ‘एक्स्चेंज’च्या आशेवर दीड दिवस घालवला. चॅट डिलीट करू नका, लाज वाटली तरी. आणि ‘रेस्क्यू’ या शब्दाला भुलू नका. खरी संस्था प्राण्याचं दुखणं आधी सांगते, एक्स-रे दाखवते, घरी या म्हणते. पैसे हप्त्याहप्त्याने वेगवेगळ्या नावांनी मागत नाही.

बंड्याचं विचारतात म्हणून लिहिते. रंगाची २० लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुतली, चाळलेली वाळू मुठीत दाबली की गोळा राहील इतपत ओली करून फूटभर भरली. मादी कुणी बघत असेल तर खणत नाही. पहिल्या दिवसापासून “पाल पाळून कुणाचं भलं झालंय” म्हणणाऱ्या सासूबाईंनी त्यांची जुनी सुती साडी काढून पिंजऱ्याला चारी बाजूंनी गुंडाळली आणि घरातल्या सगळ्यांना त्या खोलीतून हाकललं. ४१ अंडी घातली तिने, सगळी फोल. बाहेर आली ती हाडं आणि कातडं, अंगभर वाळू. आता खायला लागलीय. रातकिड्यांना कॅल्शियमची पावडर लावून देते, यूव्हीबीची नवी ट्यूब बसवलीय. खिडकीतलं ऊन चालेल असं समजू नका, काचेतून यूव्हीबी येत नाही. खाणं मात्र मोजून, कारण जास्त खाल्लं की मादी पुढच्या खेपेला आणखी अंडी धरते. जबडा अजून पूर्ण कडक झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, वाकलेली हाडं सरळ होणार नाहीत, नवीन वाकू नयेत एवढं बघा.

‘परिवेश’वर मी खरं ते सगळं लिहून, तक्रारीची प्रत जोडून अर्ज टाकलाय. ‘प्रलंबित’ दिसतं. पोलिसांकडून शेवटी एक साधा अर्ज पोचवल्याचा शिक्का मिळाला, एफआयआर नाही.

आणि हे महत्त्वाचं. तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या अकाउंटवर फिरतोय. तीच फांदी, तेच पान, मागचे पाय आडच. या वेळी मालक दुबईला गेलाय आणि काँट्रिब्यूशन ७,५०० झालंय. मी तिथे फक्त “टाच दाखवा” एवढं लिहिलं. दोन मिनिटांत मला ब्लॉक केलं. त्याला कुणी पैसे भरले असतील तर यूपीआयची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. एकटीला बाकावर बसवतात, पाच-सहा जण एकदम गेलो तर निदान कागद उलटा ठेवता येणार नाही.