१९६९ ची कॅमॅरो झेड/२८ म्हणून गंजका सांगाडा गळ्यात मारला: ३१,४२५ डॉलर गेले

रक्कम आधी सांगतो. झेड/२८ (शेवर्लेच्या कॅमॅरोची शर्यतीसाठी काढलेली खास आवृत्ती) म्हणून घेतलेल्या गाडीचे २७,५०० डॉलर, तपासणीचे ३७५, ट्रेलरवरून घरी आणायचे १,४५० आणि सँडब्लास्टिंगचे (वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज उडवायचे) २,१००. एकूण ३१,४२५. हे आकडे लिहिताना हात थरथरतो, लाज वाटते. तरीही लिहितोय, कारण ओळखीतली काही मराठी मंडळी आता जुन्या मसल कारच्या (दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांच्या) नादाला लागली आहेत आणि मला ही गाडी विकणाऱ्या माणसाचं दुकान अजून चालू आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो, गाड्यांच्याच धंद्यात नोकरी करतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या फेरीला रस्त्याकडेला खुर्ची टाकून दिवसभर त्या गाड्यांचे आवाज ऐकणारा माणूस आहे मी. याआधी एका १९६६ च्या मस्टँगचा फ्लोअर कापून नवा बसवला आहे, तेही स्वतः वेल्डिंग करून. हे एवढ्यासाठी सांगतो की ‘काही माहिती नसताना कशाला पडलास यात’ असं मला आजवर पुष्कळांनी ऐकवलं. माहिती होती. माहिती असलेल्या माणसालाच गाठायचं कसं, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

झेड/२८ का, तर ट्रान्स-ॲम या अमेरिकन शर्यतमालिकेत इंजिन ३०५ घन इंचांच्या आत हवं होतं, म्हणून शेवर्लेने ३२७ घन इंच इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँक घालून ३०२ चं इंजिन तयार केलं. १९६९ साली अशा २०,३०२ गाड्या बनल्या, आणि त्या वर्षाच्या सगळ्या कॅमॅरो धरल्या तर २,४३,०८५. म्हणजे बारांत एक. साध्या कॅमॅरोला झेड/२८ बनवलं की किंमत कुठल्या कुठे जाते, आणि बनवायला अडचण काहीच नाही, कारण व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, झेड/२८ लिहिलेलंच नसतं. १२४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमॅरो, एवढंच त्यातून कळतं. दुसऱ्या काही गाड्यांचं तसं नाही. १९६६ ते १९७१ ची पाँटियाक जीटीओ असेल तर व्हीआयएन २४२ ने सुरू होतो. १९६९ ची डॉज चार्जर आरटी असेल तर एक्सएस२९ ने. फोर्डची १९६७ नंतरची गाडी असेल तर मार्टी रिपोर्ट मागवता येतो, कारखान्यातून ती काय काय घेऊन बाहेर पडली ते त्यात येतं. पाँटियाकचेही कागद मिळतात. अमेरिकेत विकलेल्या त्या काळातल्या शेवर्लेचे मात्र असे कागद मिळत नाहीत. त्यामुळे सगळी भिस्त उरते गाडीवरच्या टॅगवर आणि इंजिनावरच्या शिक्क्यावर, आणि या दोन्ही गोष्टी नकली करता येतात.

जाहिरात होती ॲरिझोनातली. ‘वाळवंटातली गाडी, गंज फक्त वरवरचा, मूळ इंजिन, १९८० पासून शेडमध्ये उभी.’ आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पाच-सहा हिवाळ्यांत पत्र्याची चाळण होते, म्हणून इकडचा प्रत्येक छंदी माणूस ॲरिझोना म्हटलं की कान टवकारतो. विक्रेता फोनवर अतिशय सभ्य. घाई अजिबात नाही. उलट स्वतःच म्हणाला, ‘डिकीत उजव्या कोपऱ्यात एक भोक आहे, ते तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.’ या एका वाक्याने माझा विश्वास बसला. लहान खोट आपणहून दाखवणाऱ्याच्या मोठ्या खोटीकडे आपण बघतच नाही. विक्रेता स्वतःहून दोष सांगायला लागला की तिथे सावध व्हा.

आता विक्रेत्याने पाठवलेला टॅगचा फोटो. फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर) दोन रिव्हेटांनी बसवलेला टॅग असतो, त्यावर बॉडीचा रंग, आतल्या सीटचा रंग, आठवडा वगैरे कोरलेलं असतं. ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्यात बनलेल्या १९६९ च्या गाड्यांच्या टॅगवर नंतर एक्स कोड येऊ लागला. एक्स३३ किंवा एक्स७७ दिसला की झेड/२८. माझ्या गाडीच्या टॅगवर एक्स३३ स्वच्छ दिसत होता. आणि त्याच टॅगवर डाव्या बाजूला ११बी. नोव्हेंबर १९६८ चा दुसरा आठवडा.

नॉरवूडने एक्स कोड टाकायला सुरुवात केली ती डिसेंबर १९६८ च्या मध्यापासून.

नोव्हेंबरच्या गाडीवर एक्स३३ असूच शकत नाही. त्याने जुन्या टॅगवरून नवा टॅग बनवून घेतला, व्हीआयएनशी जुळावा म्हणून आठवडा मूळचाच ठेवला आणि त्यात एक्स३३ घुसडला. तो फोटो माझ्या फोनवर पैसे देण्याच्या कितीतरी आधीपासून होता. झूम करून पाहिला होता, बायकोला दाखवला होता, ऑफिसातल्या मित्रांना पाठवला होता. ‘एक्स३३ बघ’ म्हणून मीच त्यांना बोट दाखवून सांगत होतो, आणि त्याच बोटाच्या शेजारी ११बी होतं. एक्स कोड कधीपासून सुरू झाला हे मी पूर्वी वाचलेलंही होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच टॅग डोळ्यांसमोर येतो. त्या दोन आकड्यांनी आणि एका अक्षराने माझे ३१,४२५ डॉलर वाचले असते.

लोक विचारतात, स्वतः जाऊन का नाही पाहिलीस? त्या महिन्यात आमच्या प्लांटमध्ये नव्या मॉडेलचं काम चालू होतं, रजा मिळणं शक्य नव्हतं. म्हणून तर मी तपासणीवाला नेमला, फुकट नाही, ३७५ डॉलर देऊन. त्याचा नंबर विक्रेत्यानेच दिला, ‘या भागात जुन्या शेवर्लेतला जाणकार हाच’ म्हणून. अहवालात साठ फोटो होते, सगळे सुंदर. चुंबक लावलेला एकही नाही, गाडीखालून घेतलेला एकही नाही, मागच्या काचेखालच्या पन्हाळीचा एकही नाही. विक्रेत्याने सुचवलेला तपासणीवाला कधीही घेऊ नका. नंबर स्वतः शोधा, आणि काय काय तपासायचं याची यादी तुम्हीच त्याच्या हातात द्या.

पैसे असे गेले: २,५०० बयाणा म्हणून झेलवरून (फोनवरून थेट बँक खात्यात पैसे पाठवायची सोय), मग २५,००० बँकेतून वायर करून. वायर करा म्हणजे टायटल (मालकीचा कागद) लगेच कुरियरने पाठवतो, म्हणाला, आणि पाठवलंही. टायटल खरं, व्हीआयएन खरा. विक्रीच्या कागदावर मात्र फक्त ‘१९६९ शेवर्ले कॅमॅरो, आहे त्या स्थितीत’ एवढंच. झेड/२८ हा शब्द त्याने कागदावर येऊच दिला नाही. जाहिरातीत होता, फोनवर शंभरदा होता, सहीच्या कागदावर नव्हता. तुम्ही तो लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर तिथेच फोन ठेवा.

गाडी आली तेव्हा अंगणात शेजारी जमले, आम्ही फोटो काढले. सँडब्लास्टिंगवाल्याने दोन दिवसांनी फोन करून बोलावून घेतलं, फोनवर काही सांगेना. मागच्या दोन्ही क्वार्टर पॅनलमध्ये (मागच्या चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांत) बोटभर जाडीची पुट्टी. तिच्याखाली फायबरग्लासची जाळी आणि रिव्हेट मारून बसवलेला पातळ पत्रा. फ्लोअर म्हणजे कुजलेल्या मूळ फ्लोअरवर एअर कंडिशनिंगच्या डक्टचा पत्रा अंथरून वरून डांबर फासलेलं. पुढची सबफ्रेम (इंजिन पेलणारा सांगाडा) जिथे बॉडीला बोल्टने धरते त्या जागा हाताने दाबल्या तर भुगा पडत होता. आणि मागच्या सीटच्या खालून निघालं ओहायोतल्या एका टायरच्या दुकानाचं १९८३ चं बिल. १९८० पासून ॲरिझोनाच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी! आयुष्यभर मिठात भिजलेली गाडी वाळवंटात नेऊन वर लाल धूळ उडवली होती.

इंजिन उघडलं. ब्लॉकच्या पुढच्या सपाट भागावर, म्हणजे पॅडवर, शिक्का डीझेड, म्हणजे ३०२ चा, अगदी स्पष्ट, नव्या केशरी रंगाखाली. रंग पुसला तर पॅड गुळगुळीत. कारखान्यात ब्लॉकचा तो भाग यंत्रावर तासला जातो तेव्हा त्यावर बारीक समांतर रेघा उमटतात. त्या घासून काढल्याशिवाय जुना शिक्का मिटत नाही. रेघा नाहीत म्हणजे शिक्का नवा. त्या पॅडवर रंग चढवलेला असेल तर पैसे देण्याआधी तो पुसून फोटो पाठवायला सांगा, दुसरी कसलीच सबब ऐकू नका. ३०२ आणि ३५० दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंचच, वरून बघून फरक कळणार नाही. स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) मोजला: ३.४८ इंच. ३०२ चा ३ इंच असतो. खाली मेन कॅप (क्रँकला धरून ठेवणाऱ्या पकडी) दोन बोल्टच्या, १९६९ च्या ३०२ ला चार बोल्टच्या असतात. म्हणजे कुठल्या तरी साध्या गाडीचं ३५०. गावातल्या दोन गॅरेजवाल्यांनी सगळ्याची मिळून किंमत सांगितली ८,०००, तीही ‘कोणी घेतलीच तर’.

पुढची कथा याहून चीड आणणारी. आमच्या गावच्या पोलिसांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, गुन्हा घडला कुठे? ॲरिझोनात. मग तिकडे तक्रार करा. तिकडच्या पोलिसांना फोन केला तर, पैसे कुठून पाठवलेत? मिशिगनमधून. मग तिकडे करा. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा एका बाईंनी नोंद घेतली, क्रमांक दिला, आणि काही आठवड्यांनी पत्र आलं की हा दिवाणी वाद आहे. दिवाणी! नकली टॅग बनवला, इंजिनावर खोटा शिक्का मारला, तपासणीवाला सामील करून घेतला, आणि हा म्हणे दोन नागरिकांतला गैरसमज. वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या माणसाने व्हीआयएन टाकला, म्हणाला, ‘गाडी चोरीची नाही, टायटल स्वच्छ आहे, तुमची तक्रार काय आहे?’ मी टॅगचे फोटो पुढे केले. तो म्हणाला, टॅग आमच्या अखत्यारीत येत नाही. इंजिनावरचा शिक्का? तोही नाही. मग कोणाच्या अखत्यारीत येतो, तर ते त्याला माहीत नाही आणि मागे रांग आहे. बँकेने सांगितलं, वायर तुम्हीच सही करून केली, आम्ही काय करणार. झेलचे २,५०० तरी? तेही तुम्हीच पाठवले. केंद्र सरकारच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला, पोचपावती आली, त्यानंतर शांतता. जाहिरात ज्या साइटवर होती त्यांनी जाहिरात काढून टाकली. म्हणजे माझा पुरावाच काढून टाकला! पैसे देण्याआधी जाहिरातीचं प्रत्येक पान फोटो काढून ठेवा. माझ्याकडे अर्धंच होतं.

वकिलाने सुरुवातीलाच ७,५०० मागितले आणि खटला ॲरिझोनात चालेल म्हणाला. आमच्याकडे स्मॉल क्लेम्स कोर्टाची (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची) मर्यादा ७,००० डॉलर, तिथे माझं प्रकरण बसतच नाही. गाडी ५,००० ची असती तर न्यायाधीशासमोर उभा तरी राहिलो असतो. प्रत्येक खिडकीवर माझ्याशी गोड बोलले, सहानुभूती दाखवली, आणि पुढच्या खिडकीकडे पाठवलं.

कोणी घेत असाल तर एवढं करा. कापडात गुंडाळलेलं साधं चुंबक क्वार्टर पॅनलच्या खालच्या कडेला, मागच्या काचेच्या कोपऱ्यांना आणि डिकीच्या दोन्ही खोलगट बाजूंना लावायला सांगा, व्हिडिओ कॉल चालू ठेवून. माझ्या विक्रेत्याला व्हिडिओ कॉलसाठी ‘रेंज’ कधीच नसायची, फोटो पाठवायला मात्र असायची. प्रोटेक्ट-ओ-प्लेट (नव्या गाडीबरोबर मिळायची ती वॉरंटीची धातूची पट्टी) दाखवली तर भुलू नका, नव्याही छापून मिळतात. आणि विमानाचं तिकीट काढा. कितीही महाग असलं तरी काढा.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. नाव दुसरं आहे, मागची शेड तीच आहे. या वेळी १९६९ चीच हिरवी कॅमॅरो, झेड/२८, ‘वाळवंटातली’, मागणी ३४,००० डॉलर. साइटला कळवलं आहे, पोलिसांना जुन्या तक्रारीचा क्रमांक घालून कळवलं आहे, उत्तर नाही. फिनिक्सच्या आसपासच्या अशा हिरव्या गाडीबद्दल तुमच्यापैकी कोणाचं बोलणं चालू असेल तर बयाणा पाठवण्याआधी टॅगचा आणि इंजिनाच्या पॅडचा फोटो मला पाठवा. मी त्याच दिवशी बघून सांगतो.