पोलरॉईड ११०बी चा फोर बाय फाइव्ह केलेला कॅमेरा: आठ महिने वापरून

आठ महिने झाले, शंभरेक शीट, म्हणजे चार बाय पाच इंची फिल्मचे सुटे तुकडे, टाकून झाल्या, म्हणून आता लिहितोय. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसती तक्रार लिहिली असती, आणि ती अर्धवटच ठरली असती.

मला माणसांचे फोटो काढायचे असतात आणि तेही मोठ्या निगेटिव्हवर. लाकडी फील्ड कॅमेरा आहे माझ्याकडे, दोन वर्षं वापरला, पण मुंबईत ट्रायपॉड उभा केला की पाच मिनिटांत कोणीतरी परवानगी विचारायला येतंच. आणि समजा कोणी नाही आलं, तरी काळ्या कापडाखाली डोकं घाला, ग्राउंड ग्लासवर, म्हणजे मागच्या धुरकट काचेवर, फोकस करा, शटर बंद करा, फिल्मचा होल्डर सरकवा, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं झाकण, काढा, एवढं होईस्तोवर समोरचा माणूस फोटोसाठी बसलेला माणूस होऊन जातो, मघाशी बोलत होता तो राहतच नाही. म्हणून हातात धरून मारता येईल असा फोर बाय फाइव्ह हवा होता.

११०बी हा पोलरॉईडचा १९६० च्या सुमाराचा वरच्या श्रेणीतला कॅमेरा. पुढे रोडेनस्टॉकची यसारेक्स १२७ मिमी एफ ४.७ लेन्स, प्रॉन्टर शटर १ सेकंदापासून १/३०० पर्यंत, आणि फ्रेम आणि रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायचं साधन) एकाच खिडकीत. पण त्याची रोल फिल्म पोलरॉईडने १९९२ मध्ये बंद केली आणि इतकी चांगली लेन्स असलेले कॅमेरे कपाटात पडून राहिले. मग लोकांनी त्यांच्या पाठी कापून पॅकफिल्मच्या, म्हणजे पाकिटातल्या झटपट फिल्मच्या, पाठी लावल्या, फुजीने २०१६ मध्ये आपली पॅकफिल्म एफपी-१००सी बंद करायचं जाहीर केलं तेव्हा तीही वाट संपली. फोर बाय फाइव्हची शीट फिल्म मात्र अजून बनते, इलफर्ड बनवतं, कोडॅक बनवतं, फोमा बनवतं, त्यामुळे आज करून घ्यायचा तर हाच बदल करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मी तयार बदललेलाच घेतला, बाहेरच्या देशातून. ज्याने करून पाठवला त्याचं नाव देत नाही कारण बाकीचं काम त्याने खरंच मन लावून केलंय, भाता नवीन, कापलेल्या कडा घासून रंगवलेल्या, मागे स्प्रिंगवाली पाठ, होल्डर नीट सरकतो. पहिल्या दिवशी रेंजफाइंडरमध्ये बघितलं, दोन प्रतिमा एकमेकींवर आल्या, ग्राउंड ग्लासवर लूप, म्हणजे भिंग, लावून बघितलं, तिथेही तीच जागा शार्प. मला वाटलं झालं, कॅमेरा बरोबर आहे.

पहिल्या बारा शीट धुतल्या आणि एकाही चेहऱ्यावर डोळे शार्प नाहीत. कान शार्प, कानामागचे केस शार्प, शर्टाची मागची कॉलर एकदम कडक. हात हलला असता तर सगळंच हललं असतं ना. मग टेबलावर मापाची पट्टी तिरकी ठेवून, मधल्या आकड्यावर फोकस करून टेस्ट घेतली. ह्यासाठी महागाची फिल्म वाया घालवू नका, एक्सरे फिल्म घ्या, ती लाल उजेडात कापता येते आणि समोर बघत डेव्हलप करता येते, फक्त दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, असतं म्हणून ट्रेमध्ये ओरखडे पटकन पडतात. तीन वेळा घेतली, तिन्ही वेळा शार्प जागा पट्टीवर मागे, साधारण बारा सेंटीमीटर.

आता हा भाग नीट वाचा कारण बदललेला कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं. ग्राउंड ग्लास उजळ दिसावा म्हणून त्याच्याखाली, म्हणजे लेन्सच्या बाजूला, दीड मिमी जाडीची फ्रेनेल, म्हणजे भिंगासारखं काम करणारा प्लास्टिकचा सपाट पत्रा, बसवलेली होती, पण ती पाठ मुळात फ्रेनेलशिवायची. त्यामुळे काच दीड मिमी मागे गेली. फ्रेनेलच्या प्लास्टिकमधून जाताना प्रतिमा जाडीच्या एक तृतीयांशाएवढी मागे सरकते, म्हणजे अर्धा मिमी तिथे भरून निघतो, उरलेला एक मिमी तसाच राहतो. आणि रेंजफाइंडर जुळवलेला कशावर तर त्याच काचेवर, म्हणून दोघं एकमेकांशी तंतोतंत जुळत होते आणि फिल्म दोघांपासून एक मिमी पुढे बसत होती. एक मिमी काय एवढं असं वाटेल, पण १२७ ची लेन्स दीड मीटरवर असली की तेवढ्यात फोकस माणसावर जवळजवळ बारा सेंटीमीटर मागे जातो. डोळ्यांवरून कानाच्याही मागे.

लालबागला एका गाळ्यात एक काका आहेत, लेथचं काम करतात, कॅमेऱ्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांच्याकडे घेऊन गेलो आणि लूप, काच, शार्पनेस असं सगळं समजवायला लागलो तर मला थांबवून म्हणाले, "अरे, काचेवर काय दिसतं ते मला नको सांगू, फिल्म कुठे बसते ते दाखव." मग होल्डरात जुनी शीट घालून डेप्थ गेजने चारही कोपरे मोजले, साधारण ४.८ मिमी येतात, प्रमाणित होल्डरला तेवढेच यायला हवेत. पाठीत काचेची बैठक मोजली तर ती बरोबर ४.८, फक्त एका कोपऱ्यात ०.३ ने खोल, तिथे पितळी पत्र्याची शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, टाकली. फ्रेनेल काढून काचेच्या वरच्या बाजूला, आपल्या डोळ्याच्या बाजूला लावली. मग वरळी सी फेसवरून सी लिंकच्या केबलवर इन्फिनिटी, म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस, धरून कॅमेऱ्याच्या पट्टीवरचा स्टॉप सरकवला आणि रेंजफाइंडर पुन्हा जुळवला. लेन्स मूळचीच असल्यामुळे एकदा इन्फिनिटी जुळली की जवळचे फोकस आपोआप बरोबर येतात, म्हणून यसारेक्स काढून दुसरी मोठी लेन्स लावायच्या फंदात पडू नका, रेंजफाइंडरचा सगळा मेळ १२७ साठी बनवलेला आहे.

त्यानंतरचे सात महिने मात्र मला ह्या कॅमेऱ्याने जे दिलं ते आधी कुठल्याच कॅमेऱ्याने दिलं नव्हतं. पावसाआधी वरळी कोळीवाड्यात गेलो होतो, एक मावशी सुकट निवडत बसल्या होत्या, "किती जुना रे तुझा कॅमेरा?" म्हणाल्या, मी म्हटलं, "मावशी, साठ वर्षांच्या वर झाली", त्या हसल्या आणि हसताहसता मी मारला, एफ ८, १/६०, इलफर्डची एचपी५ फिल्म. त्या निगेटिव्हमध्ये बोटांना चिकटलेले सुकटीचे कण मोजता येतात. ट्रायपॉडवर हा फोटो झालाच नसता.

उणिवा आहेत. वजन दोन किलोच्या आसपास, दोन तास गळ्यात घालून फिरलं की मान कळवळते. लेन्स मूळच्या लहान चौकटीसाठी, त्यामुळे उघड्या एफ ४.७ ला कोपरे मऊ आणि काळसर, एफ ११ ला पुरेसे सुधारतात. लेन्स वरखाली किंवा तिरकी करता येत नाही, इमारतींसाठी हा कॅमेरा नाहीच. फाइंडरची फ्रेमही जुन्या मापाची, फिल्मवर चारी बाजूंनी जास्त येतं, पहिल्या महिन्यात माझे सगळे चेहरे लहान आले. साडेतीन फुटांच्या आत फोकस होत नाही.

आणि मुंबईचं म्हणून काही. जुलैत चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत, हात घातले की दोन मिनिटांत घामाने ओले, बोटांचे ठसे इमल्शनवर, म्हणून मी रात्री बाथरूममध्ये दाराखाली टॉवेल लावून होल्डर भरतो, शीटच्या कडेच्या खाचा उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात लागल्या की इमल्शन आपल्याकडे. मे महिन्यात नळाचं पाणी ३० अंशांच्या वर, २० पर्यंत उतरवायला बर्फ खूप लागतो आणि मध्येच तापमान चढतं, त्यापेक्षा मी २४ वर स्थिर धरतो, डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० ला ११ मिनिटं लागतात तिथे पावणेआठ. कॅमेरा दमट कपाटात घडी करून ठेवू नका, भात्याच्या घडीत बुरशी धरते, मी हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो आणि महिन्यातून एकदा अंधारात आत टॉर्च लावून कोपरे बघतो. सप्टेंबरात एका कोपऱ्यात टाचणीएवढा उजेड दिसला, काळं रबरी सोल्युशन लावून बुजवला, अजून टिकलंय.

घ्यायचा असेल त्याने विकणाऱ्याकडे देखणे फोटो मागू नयेत, दीड मीटरवर तिरक्या पट्टीची, उघड्या लेन्सने घेतलेली निगेटिव्ह मागावी. ती नसेल तर व्यवहार थांबवा.

मावशींचा प्रिंट मोठा करून दिला मागच्या रविवारी. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ आपले हातच बघितले, आणि मग सुनेला हाक मारली.