लाकडी ल्युअरसाठी डेव्हकॉन टू टन : एका थरात काम, पण आधी तयारी

घरी कोरलेल्या लाकडी ल्युअरवर, म्हणजे मासेमारीच्या नकली आमिषावर, शेवटचा पारदर्शक थर द्यायला अमेरिकेतले ल्युअर बनवणारे डेव्हकॉनचं ३० मिनिटवालं ‘टू टन’ एपॉक्सी बऱ्याच वर्षांपासून वापरतात. खरं तर हे चिकटवण्यासाठीचं एपॉक्सी, म्हणजे राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर कालवून वापरायचं. पण थर जाड आणि कडक बसतो, आणि हुक सतत घासले तरी रंग लवकर उघडा पडत नाही. एन्व्हिरोटेक्स लाइट हे दुसरं पारदर्शक एपॉक्सी याहून पातळ असल्याने बहुधा दोन थर लागतात. इथे एक पुरतो. पाच मिनिटवालं एपॉक्सी मात्र कुठल्याच कंपनीचं घेऊ नका. ब्रश फिरेपर्यंत ते घट्ट होतं आणि पाण्यात टिकतही कमी. आपल्याकडचं साधं अ‍ॅराल्डाइट ओठ (ल्युअरच्या तोंडाशी बसवलेली चपटी पट्टी) आणि हुकाच्या कड्या बसवायला उत्तम, पण पांढऱ्या पोटावर त्याची पिवळी झाक दिसते.

३० मिनिटं म्हणजे घट्ट व्हायचा वेळ. ब्रश नीट चालतो तो जेमतेम आठ-दहा मिनिटं, मे महिन्यात त्याहूनही कमी. म्हणून एका वेळी दोन-तीन ल्युअरपुरतंच कालवा. १० सेंमीच्या ल्युअरला साधारण २ मिली लागतं. राळ आणि हार्डनर समान, पण आकारमानाने. काट्यावर सारख्या वजनाने घेतलं तर प्रमाण चुकतं, कारण राळ जड असते. आतून मेण लावलेला कप नको. चपट्या काडीने दोन मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. कुठेतरी चिकट डाग राहिला तर बहुतेक वेळा दोष अर्धवट ढवळण्याचाच असतो.

थर मध्येच फाटून गोल खळगे पडतात ते बोटांच्या तेलामुळे. रंग पूर्ण वाळला की हातमोजे घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवा आणि मग ल्युअरला उघड्या हाताने शिवू नका. मार्करने ठिपके काढले असतील तर अल्कोहोल टाळा, शाई पसरते.

बुडबुड्यांचं मूळ लाकडात असतं. बाल्सासारखं सच्छिद्र लाकूड खोली तापताना हवा बाहेर टाकतं. म्हणून रंगाआधीच पातळ थराने लाकूड बंद करा, कड्यांच्या भोकांसकट, आणि शेवटचा थर संध्याकाळी तापमान उतरताना द्या. तरी उरलेले बुडबुडे लायटरची ज्योत झर्रकन फिरवली की फुटतात. रेंगाळलात तर एपॉक्सी पातळ होऊन ओघळतं.

ओठाला आधी टेप लावा. मऊ, चपट्या नायलॉन ब्रशने थर दिल्यावर ल्युअर मिनिटाला चार-सहा फेऱ्यांच्या मोटरवर किमान दोन तास फिरता ठेवा. मोटर लवकर थांबवली तर पोटाखाली थेंब गोठतो आणि ल्युअर पाण्यात एका अंगावर कलतो. हुक २४ तासांनी लावा.

कोकणच्या पावसाळ्यात दमटपणामुळे वर तेलकट पापुद्रा येऊ शकतो. तो कोमट पाण्याने धुऊन काढल्याशिवाय दुसरा थर देऊ नका. दुसरा थर लागलाच तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून घ्या. पण बाल्साच्या छोट्या ल्युअरवर तो टाळाच: २ मिली म्हणजे दोनेक ग्रॅम, आणि तेवढ्यानेही त्याची हालचाल मंदावते.

उन्हात वर्षानुवर्षं पडलं तर पिवळेपणा येतो. बहुतेक एपॉक्सींचं तेच. गडद रंगांवर तो जाणवत नाही. जिताड्यासाठी पांढरे-चंदेरी ल्युअर करणाऱ्यांनी ते बंद डब्यात ठेवावेत.