ड्रेन्थे: ॲमस्टरडॅम पाहून झालं असेल तर इकडे या

नेदरलँड्स म्हणजे कालवे आणि ट्यूलिप एवढंच डोक्यात असेल, तर ईशान्येकडचा ड्रेन्थे प्रांत बघाच. मला अख्ख्या देशात हाच सगळ्यात जास्त आवडला.

पहिला मान बोर्गर गावाचा. हुनेबेड म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी. देशातल्या ५४ पैकी ५२ एकट्या ड्रेन्थेत आहेत. बोर्गरचं सगळ्यात मोठं, साडेबावीस मीटर लांब. हिमयुगात बर्फाबरोबर उत्तरेकडून आलेले हे धोंडे माणसांनी एकावर एक कसे चढवले असतील, या विचारानेच थक्क व्हायला होतं. जवळ गेलात की खडबडीत दगडावर करडी-पिवळी दगडफुलं चिकटलेली दिसतात. शेजारचं संग्रहालयही चुकवू नका.

ड्विंगेल्डरवेल्ड या राष्ट्रीय उद्यानात ऑगस्टअखेर जा. तेव्हा माळरान हेदर या झुडपाच्या जांभळ्या फुलांनी भरून जातं. सायकल भाड्याने घ्या. फाट्याफाट्यावर क्रमांकाच्या पाट्या असल्याने रस्ता चुकत नाही.

वेस्टरबोर्कला मात्र सवडीने जा. नाझींच्या या छावणीतून १९४२ ते १९४४ या काळात एक लाखाहून जास्त ज्यू आणि सिंती व रोमा (युरोपातल्या भटक्या जमाती) माणसं रेल्वेने मृत्युछावण्यांकडे पाठवली गेली. न परतलेल्या प्रत्येकासाठी मैदानात एक छोटा दगड आहे, असे १,०२,००० दगड. मला तिथून लवकर पाय काढवेना.

अडचण एकच, खेड्यांकडच्या बस कमी, रविवारी तर फारच. मुलं किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील तर गाडीच करा.